नाल्याला पाणी नव्हतं, गुरुजी

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची सायकलसुद्धा एव्हाना गंजून मातीत गेली असेल. तरी मी आज तुमच्याशी बोलायला बसले आहे. बाहेर पाऊस आहे. आठवडा होत आला, थांबायचं नाव नाही. कोंबड्या चुलीजवळ येऊन बसल्या आहेत आणि मी दारात, खाटेवर. बोलते मी, लिहिते माझी नात. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. म्हटलं, ‘अवो, गुरुजी इकडेच राह्यले, त्याईले समजते.’ तर म्हणते, ‘पत्र असं नाई लिवत आजी.’ बारावी पास आहे, तिचं ऐकावं लागतं. माझं बोलणं कागदावर गेलं की मला ते कोंबडी ओल्या अंगणातून चालत गेल्यासारखं दिसतं. कोणता पाय कुठला, काही कळत नाही. ही हसून राहिली आहे. हस बाई, हसून घे. पुढं हसायसारखं काही नाही.

तुम्ही म्हणाल, आता काय आठवलं हिला. आठवलं नाही, विसरले कुठे होते. पण सोमवारी सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला उद्याचा दिवस काढता येणार नाही, आणि तुमचं सांगितल्याशिवाय सोमवारचं सांगता येत नाही. तुमचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो बिचारा विचारायच्या आधीच गेला.

तुम्ही दोन कोसांवरच्या गावात खोली करून राहायचात आणि तिथून सायकलनं यायचात. काळी सायकल, मागं कॅरियरला हजेरीची वही आणि डबा, पंच्यात गुंडाळून बांधलेला. सायकलला मडगार्ड नव्हती. इकडची माती अशी चिकट की मडगार्डात भरून बसते आणि चाक फिरत नाही, म्हणून तुम्ही ती काढून टाकली होती. त्यामुळे पावसाळाभर तुमच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर खालून वरपर्यंत चिखलाचा एक पट्टा उठलेला असायचा. तुम्ही फळ्याकडे तोंड केलं की आम्ही तो पट्टा बघायचो, आज मानेपर्यंत गेला की खांद्यापर्यंतच राहिला. तुम्हाला वाटायचं पोरं फळा बघतात. आमच्यातल्या निम्म्यांचं शिक्षण तुमच्या पाठीवरच झालं, गुरुजी.

तुमच्या रस्त्याच्या आणि गावाच्या मधे नाला. तेव्हा त्याच्यावर रपटा, हा सिमेंटचा बसका पूल, नव्हता. तुमच्या बाजूनं रस्ता टेकाडावरून खाली उतरायचा. टेकाडावरून आमचा काठ दिसायचा, पण पाणी दिसायचं नाही, मधे बांबू दाट. खाली उतरावं आणि पाणी जास्त निघावं, तर त्या चिखलातून सायकल पुन्हा वर ढकलत न्यायची, म्हणजे माणूस अर्धमेला. म्हणून तुम्हीच तोड काढली. माझं घर नाल्याला सगळ्यात जवळ. मी सकाळी आईचं सूप घेऊन काठावर उभी राहायचं. नाल्यात एक मोठा दगड होता, त्याला सगळे बुढी म्हणायचे. बुढीचं डोकं पाण्याच्या वर असलं की सूप दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायचं, म्हणजे या. बुढी बुडाली की सूप छातीशी आडवं धरून हलवायचं, म्हणजे परत जा. नऊ वर्षांची होते मी. तुम्ही सगळ्या शाळेसमोर म्हणाला होतात, ‘बाई, माझा जीव तुझ्या सुपात आहे बरं.’ पोरं हसली. मी हसले नाही. मला ते खरं वाटलं.

पहिल्यांदा आईनं सांगितलं. भाताच्या रोवण्याचे दिवस होते, रोपांचे पऱ्हे उपटून ठेवलेले, सगळ्या बाया बांधीतल्या चिखलात. धाकटा भाऊ तीन महिन्यांचा, त्याला शेताच्या धुऱ्यावर घेऊन बसायला कोणी नव्हतं, आणि शाळा भरली की बाप मला घरी राहू देत नसे. आई म्हणाली, ‘आजच्या दिवस आडवं दाखव वं माय. एका दिवसानं का होते?’ बुढी खांद्यापर्यंत उघडी होती. मी सूप आडवं धरलं. टेकाडावर तुम्ही एक पाय जमिनीला टेकवून थोडा वेळ बघत राहता, मग हात वर करता, समजलं म्हणून, आणि सायकल वळवता. अजून दिसतं मला. तुमची पाठ दिसते, पट्टा दिसतो, आणि तुम्ही बांबूच्या मागं जाता.

दुसऱ्यांदा मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा भाऊ घरी आजीजवळ होता आणि बुढी कमरेपर्यंत उघडी. तरी मी सूप आडवं धरलं. का धरलं ते आता सांगते, आता खोटं बोलून काय करू. मला ते आवडलं. पाटील ज्याला बसायला खाट देतो, असा मोठा माणूस माझ्या हातातलं सूप बघून सायकल वळवतो. माझं तोवर कोणी ऐकत नव्हतं, गुरुजी. बकरीसुद्धा ऐकत नव्हती. मग पाढा झाला नसला की आडवं. मासे धरायला जायचं असलं की आडवं. कधी काहीच नसलं तरी आडवं, नुसतं बघायला, की आजही वळतात का. तुम्ही वळायचात.

मग तो दिवस. झिमझिम होती, नाल्यात पाणी इतकं कमी की बुढीच्या पायाशी बेडूक बसले होते. मी सूप आडवं धरलं, तुम्ही परत गेलात. तासाभरानं शाळा तपासणारे साहेब दुसऱ्या वाटेनं आले, चालत, चपला हातात घेऊन, नाला ओलांडून. धोतराचा काठसुद्धा भिजला नव्हता. शाळेला कडी. साहेबांनी गावाला विचारलं, आणि गावानं आपलं खरं सांगितलं, ‘नाई साहेब, आज तं पाणी नाई.’ साहेबांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाळेबाहेर मोहाच्या झाडाखाली बोलावलंत. मला वाटलं आता छडी. तुम्ही हळूच विचारलंत, ‘काल सूप आडवं होतं ना गं बाई?’

मी म्हटलं, ‘नाई गुरुजी. डोक्यावर होतं.’

तुम्ही रागावला असतात तर मी तिथंच रडून सगळं सांगितलं असतं. पण तुम्ही डोळे चोळलेत. टेकाडाकडे बघितलंत, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. ‘मग माझेच डोळे गेले म्हणायचे,’ असं म्हणालात, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. ‘तुझी काही चूक नाही. जा, बस आत.’ एवढंच. कोणी मला आयुष्यात इतकं वाईट बोललं नाही, गुरुजी. सासूनंही नाही, आणि तिनं काही कसर ठेवली नव्हती.

साहेबांना तुम्ही काय उत्तर दिलंत मला ठाऊक नाही. माझं नाव घेतलं नाहीत एवढं खरं, नाहीतर बापानं मला सोलली असती. माझा बाप दीक्षा घेऊन आला होता. घरी आल्या आल्या देव गाठोड्यात बांधून नाल्यात सोडले आणि पाटलाच्या तोंडावर सांगितलं, ‘माही पोरगी शाळेत बसंन.’ ती पोरगी शाळेत बसत नव्हती. काठावर उभी राहून शाळा परत पाठवत होती.

पंधरा दिवसांत तुमची बदली झाली, खाली सिरोंच्याकडे, जिथं पोरं तेलुगू बोलतात. निरोप घ्यायला आलात तेव्हा तुम्ही चष्मा लावला होता, बाजारातून आणलेला, जाड काचांचा. चांगल्या डोळ्यांवर चष्मा. सायकल टेकवताना तुम्ही खांबावर आदळलात आणि पोरं हसली. मला तुम्ही तुमची छत्री दिलीत. म्हणालात, ‘सायकलवर छत्री धरता येत नाही, माझ्या ती काही कामाची नाही. तुझं सूप भिजून कुजतं. नवीन गुरुजी आले की हिनं खूण कर.’ नवीन गुरुजी आले तीन वर्षांनी. तोवर मी बायांच्या ओळीत उभी राहून रोवणा करत होते, आणि छत्री बकरीनं खाल्ली होती. शाळा माझ्या घरावरून दिसायची. मी तिकडे पाठ करून भांडी घासायचे.

पुढं, माझीच पोरं मोठी झाली तेव्हा, मूल गावात एका लग्नात तुमची सून भेटली. बोलता बोलता कळलं की तीच. म्हणाली, मामंजी गेले. म्हणाली, फार चांगले होते, पण जंगलातल्या गावाहून आले ते पुन्हा कधी सायकलवर बसले नाहीत. डोळ्यांचा भरवसा नाही म्हणायचे. शाळेत पायी जायचे, ऊन असो का पाऊस. माझ्या तोंडाशी आलं होतं गुरुजी, सगळं आलं होतं. मी तिला म्हटलं, ‘भात घ्या ना अजून, लाजू नका.’

आता सोमवार. लिहिणाऱ्या बाईनं मान वर केली आहे. खाली घाल. लिही.

हिचे आईबाप तेलंगणात मिरची तोडायला गेले ते तिकडेच राहिले. चार वर्षांची होती तेव्हापासून ही माझ्याजवळ. यंदा हिचा नर्सच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला नंबर लागला. चंद्रपूरला, राहायच्या सोयीसकट. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत खरे कागद घेऊन स्वतः हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला. पावसामुळे एसटी शनिवारपासून गावात आली नव्हती. म्हणजे सायकलनं नागभीड, बारा किलोमीटर, त्यातलं अर्धं जंगल, आणि तिथून सकाळची गाडी. रविवारभर आमच्या घरात एकच बोलणं, पावसात सायकल काढायची की नाही. हिनं मला मोबाईलवर दाखवलं, शहरात म्हणे लोक मुद्दाम पावसात सायकल चालवतात, मजेसाठी, रंगीत झगे घालून. म्हटलं, ‘त्याईच्या रस्त्यात वाघ नाई का?’ म्हणाली, ‘सिग्नल राह्यते आजी.’ म्हटलं, ‘मंग बरं हाये. वाघ तरी कोण्या गाडीसाठी थांबते?’

हसत होतो आम्ही. पण मागच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावरून मोह वेचायला गेलेली बाई वाघानं नेली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. सोमवारी सकाळी हिनं कागद प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळले, पन्नी पिशवीत घातली, पिशवी पुन्हा पन्नीत. डोक्याला रुमाल बांधला. म्हणाली, ‘आजी, मी हे बांधते तवरीक तू रपट्यावर पाहून ये. पाणी वर असन तं नाई जात. नसन तं जाते. वाघासाठी घंटी वाजवत जाईन.’

‘पावसात वाघाले घंटी आयकू येत नाई.’

‘मंग गाणं म्हणन.’

‘तुह्यं गाणं आयकून त्यो आंध्रात पळून जाईन. जा, बांध तुहे कागद. मी पाहून येते.’

रपट्याच्या दोन्ही कडांना पांढरे खांब आहेत. खांब बुडाले की जायचं नाही, एवढं इथं लहान लेकरालाही कळतं. तुमच्या बुढीला त्या सिमेंटखाली कधीच गाडलं. मी गेले, गुरुजी, छत्री घेऊन. पाणी रपट्याच्या चार बोटं खाली होतं. गढूळ होतं, जोरात होतं, पण खाली होतं. वरचं सिमेंट पावसानं धुऊन लख्ख. खांब सगळे उभे, पायापासून डोक्यापर्यंत. त्याच्यावरून सायकल काय, भरलेली बैलबंडी गेली असती. मी उभी राहिले. एक वेळ वाटलं, ओरडून सांगावं घरापर्यंत, ये म्हणून. मग परत आले आणि दारातच म्हटलं, ‘खांब दिसत नाई वं.’

हिनं पुन्हा विचारलं नाही. स्वतः पाहायला गेली नाही. मी सांगितलं म्हणजे तसंच असणार. डोक्याचा रुमाल सोडला. वरची पन्नी काढली, पिशवी काढली, आतली पन्नी काढली, कागद पेटीत ठेवले. चंद्रपूरला फोन केला, ‘मॅडम, नाल्याला पूर हाये, उद्या आलं तं चालंन का?’ तिकडून काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. हिचं ‘हो मॅडम, हो मॅडम’ तेवढं ऐकलं.

दहा वाजता ढिवरीण मासे घेऊन आली, डोक्यावर टोपली. ही दारातून उठली, ‘मावशी, रपट्यावरून कशी आलीस वं?’

‘पायानं आली, आनखी कशी? पाणी कोठी हाये? पोरं सकाळपासून गरी टाकून बसले तेथी. एक झिंगा नाई लागला त्याईले.’

हिनं घड्याळाकडे बघितलं. गाडी गेली होती, आणि पुढची पोचेपर्यंत सहा वाजतात. मग हिनं माझ्याकडे बघितलं. मी तयार होते. म्हटलं आता ओरडेल, काहीतरी फेकेल, फेकावंच. ही आली, माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि वाकून माझ्या डोळ्यांत बघत राहिली. ‘आजी,’ म्हणाली, ‘तुले मोतीबिंदू झाला. खांब दिसून नाई राह्यले तुले. मले आधीच समजाले पायजे होतं.’ आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नर्स व्हायला निघालेली पोरगी, घरातल्या बुढीचे डोळे गेले तरी आपल्याला कळलं नाही म्हणून रडली. जागेबद्दल एक शब्द नाही.

जागा गेली. मंगळवारी हिच्या मोबाईलवर तसं आलं. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणते. पुढच्या वर्षीपर्यंत हिचा बाप स्थळ बघेल, मला ठाऊक आहे माझा पोरगा. आणि उद्या शेजारच्या गावात डोळ्यांचं शिबिर आहे. हिनं माझं नाव नोंदवलं. कॅरियरवर पोतं दुमडून बांधलं आहे मला बसायला. पावसातच नेणार, म्हणते, रेनकोट तू घाल. मला या खाटेवरून समोरच्या छपराच्या कवेलूवरचं शेवाळ दिसतं, गुरुजी, तारेवर बसलेल्या पाखराची चोच दिसते. डॉक्टर टॉर्च मारेल आणि म्हणेल, बाई, डोळे झकास आहेत. मग ही माझ्याकडे बघेल. ते मला त्या डॉक्टरसमोर नको आहे.

पेन थांबला आहे.

‘लिही.’

‘आजी, का म्हणून राह्यलीस तू?’

‘लिही म्हटलं ना. सूप डोक्यावर नव्हतं आन् पाणी रपट्यावर नव्हतं. दोन्ही लिही.’

मग म्हणाली, ‘वाघाच्या भेवानं म्हटलं असशीन तू.’ बघा, मला वाट काढून देते आहे. तुम्हीही दिली होती. मला ती नको. वाघाचं भेव होतं, ते तर रोजच असतं, त्या भेवानं मी हिची शाळा कधी बुडवली नाही. बारा वर्षं मीच सकाळी उठवून पाठवली. पण रपट्यावर उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात वाघ नव्हता. रविवारी हिनं माझ्या मोबाईलवर स्वतःचा फोटो लावून दिला होता. म्हणाली, तुला नाव वाचता येत नाही ना, मग हा फोटो दाबायचा, दाबला की मी बोलते. तीन वेळा दाबून घेतला माझ्याकडून. ही चुलीजवळ, मी दारात, ही फोनमधून हॅलो हॅलो करते, आणि दोघी हसतो. त्या चार बोटं खालच्या पाण्याकडे बघताना मला तो फोटो दिसला. मला वाटलं, आता तीन वर्षं मी हिला दाबत बसायचं. म्हणून आडवं धरलं, गुरुजी. तेव्हा नऊ वर्षांची तरी होते. आता काय सांगू कोणाला.

माफी तुमच्याकडे मागत नाही. तुम्ही नाही, आणि असतात तर पुन्हा ‘तुझी काही चूक नाही’ म्हणाला असतात. तुमच्या चांगुलपणानं माझं फार वाईट केलं, हेही एकदा सांगून टाकते.

एवढं बोलून मी गप्प बसले. तरी हिचा पेन चालूच राहिला. पान भरलं, उलटलं, दुसरीकडूनही भरलं. म्हटलं, ‘का लिवून राह्यलीस वं एवढं?’ वर न बघता म्हणाली, ‘तू बोललीस तेच.’ एवढं मी बोलले नाही. हेही तिलाच लिहायला सांगते आहे, आणि लिहिते आहे, निदान हात तरी हलतो आहे. मी वाकून बघते. रेघ न् रेघ स्वच्छ दिसते, कुठे जोरानं दाबून लिहिलं तेही दिसतं, आणि काय लिहिलं ते कळत नाही. पत्र कुठं जायचं नाही, तिच्याच कागदांच्या पेटीत राहील. गावात आता वाचता येणारे घरोघरी आहेत. त्यातल्या एकालाही ‘एवढं वाचून दाखव’ म्हणायची माझी छाती होत नाही.